गायरानावर बसवलेल्या मेंढ्या

आकडे उलटे आले होते आणि चेअरमन खूश होते. तिथेच मला संशय आला.

धारूरच्या अलीकडे एका सहकारी शेती संस्थेने अर्धं गायरान नांगरलं होतं. उरलेलं नांगरायचं की मेंढ्यांना ठेवायचं, हे माझ्या रिपोर्टवर ठरणार होतं. माझं काम मातीतून निघणारा वायू मोजायचं. बिनबुडाचा डबा जमिनीत रोवायचा, झाकण लावायचं, आत साठलेला वायू मशीनवर बघायचा. गवताची जमीन नांगरली की मुळांपाशी साठलेला कार्बन उघडा पडतो, जिवाणू तो खातात आणि हवा तापवणारा वायू सुटतो. म्हणजे आकडा नांगरटीत जास्त हवा. इथे तो गायरानात जास्त, तोही भर दुष्काळात.

“मशीन कदी खोटं बोलतंय का, साहेब? लिवून टाका,” चेअरमन म्हणाले. वर जेवायचा आग्रह. माझा संशय आणखी वाढला.

मी गायरानातल्या डब्यातली माती उकरली. ओलसर. नाकाशी नेली तर मुताचा वास; मूत मुरलेली माती जास्त वायू सोडते. पण लेंडी एकही नाही. जागा खराट्याने झाडलेली.

मेंढ्या बसवतात त्या शेतात. कळप रात्रभर बसला की आयतं खत मिळतं, त्याबदल्यात शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो. चराईच्या रानात खतासाठी मेंढ्या कोण बसवेल?

बाभळीखाली धोंडाबाईंचं पाल होतं. मेंढ्या त्यांच्याच.

“मावशी, कळप डब्यांपाशी का बसवला?”

“चेअरमन म्हनले, तितंच बसवा, कडबा देतो. लेंड्या बी त्यांच्याच मानसांनी नेल्या.”

“या डब्यांवरच तुमचं रान राहणार की जाणार, ते ठरतंय.”

त्यांनी डब्यांकडे मान वळवली. मग म्हणाल्या, “हे आमाला कुनी सांगितलंच न्हाई.”

मला चेअरमनचा भयंकर राग आला. डबे कळप न बसलेल्या जागी हलवले. कोरडी माती फारसा वायू सोडत नाही, म्हणून दोन्हीकडे टँकरचं सारखं पाणी शिंपडलं. बायका हंडे घेऊन बघत होत्या, लाज वाटली. या वेळी नांगरटीचा आकडा बराच वर गेला. रिपोर्ट गेला, उरलेलं गायरान वाचलं.

मी मोठ्या तोऱ्यात मावशींना सांगायला गेलो.

“लई बरं झालं,” त्या म्हणाल्या. “पर रानात गवत कुटं हाय, साहेब? अन् कडबा बंद झालाय.”

तेव्हापासून डबे रोवले की मी भोवती काट्यांचं कुंपण घालतो. आकडे चोख येतात. मावशींच्या मेंढ्यांनी तो उन्हाळा कशावर काढला, मला माहीत नाही.