दादाच्या मापाचं मेज

दादा गेल्याचा निरोप घेऊन आमच्या गावाहून, कळसहून माणूस आला, तेव्हा मी बारामतीच्या गाडी-कारखान्यात हजेरी लिहीत होतो. दोन दिवसांचा ताप, एवढंच तो म्हणाला. मी हजेरी पुरी केली आणि मग उठलो. त्याला सहा आठवडे झाले… गेलेल्याबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. दादाबद्दल चांगलं लिहायचं तर माझ्याबद्दल वाईट लिहावं लागतं.

माझा हा थोरला भाऊ याच कारखान्यात सुतार होता. एका गाडीचा टेकू निसटला आणि त्याचा डावा गुडघा चिरडला. हाड जुळलं, पण पाय वाकेना. आमच्याकडे सुतार खाली बसून, फळी पायात धरून रंधा मारतो. "बसता येत नाही तो सुतार कसला?" म्हणत मालकांनी त्याला घरी पाठवलं. कळसला पडवीत दादानं उभ्यानं काम करायचं मेज बांधायला घेतलं. बाभळीची जाड फळी, चार दणकट पाय. उंची जमेपर्यंत आठ दिवस तो पायांखाली विटा सरकवत होता. लाकूड धरायला एका बुकबाइंडरकडचा मोडका शिकंजा बसवला. ताठ पायानं तोल जाई, म्हणून डाव्या कडेला कंबर टेकवायला अर्धगोल खाच कापली. त्यावर अख्खा दरवाजा झाला, तेव्हा त्यानं मला बोलावलं.

"ह्येचं चित्र काढ, मापं घाल. मालकाला दाव. म्हणावं, उभ्यानं काम हुतंय, मला परत घ्या."

मालकांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "कुणाची अक्कल ही?" हेडकारकुनाची जागा तेव्हा रिकामी होती… मी म्हणालो, "चित्र मी काढलंय." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

महिनाभरात तशी सहा मेजं झाली, जागा मला मिळाली. वाट बघून दादा एका बाजारच्या दिवशी स्वतःच आला. प्रत्येक मेजाला डावीकडे तीच खाच होती. त्यानं एका खाचेवरून हात फिरवला.

"ही कशापायी कापली? हितल्या सुतारांचं पाय तर धड हायती."

मी हातातली हजेरीची वही उघडली.

"चित्र बेस काढलंस," म्हणाला आणि लंगडत फाटकाबाहेर गेला. मी मागं गेलो नाही. मालक बघत होते. पुढं दोन वर्षं भेटला की पिकापाण्याचं बोलायचा, तेवढंच.

परवा कळसला गेलो. वहिनी त्या मेजाशी उभी राहून ज्वारी निवडत होती. मी फळीवर हात ठेवला, तसे तिनं दाणे आपल्याकडं ओढून घेतले.

"मालकाला खरं सांगा, म्हनलं हुतं मी त्यास्नी. तर म्हनले, न्हाय, भावाची नोकरी जाईल."

ती पुन्हा निवडू लागली. त्या घरातून मी पहिल्यांदाच, कुणी 'जेवून जा' न म्हणता निघालो.