भिंतीवरची पदवी

टचिंगकाकूंच्या दिवाणखान्यात शिरलं की समोरच्या भिंतीवरही टचिंगकाकूच दिसत. अंगात काळा गाऊन, गळ्यात पदवीधरांचा पट्टा, हातात कागदाची सुरळी, आणि चेहऱ्यावर कसंबसं आवरून धरलेलं हसू. फोटो कृष्णधवल, कोपऱ्यात नवऱ्याच्या स्टुडिओचा शिक्का. आलेला पाहुणा पाणी पिता पिता मान वर करी, ‘अरे वा, ग्रॅज्युएट का!’ म्हणे, आणि काकू रिकामा पेला परत घेत नुसत्या हसत. नुसतं हसलं तर ते खोटं बोलण्यात धरत नाहीत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

कारण काकू ग्रॅज्युएट नव्हत्या.

टचिंगकाकू हे नाव गिऱ्हाइकांनी दिलेलं. काका बाहेर फोटो काढत आणि काकू आतल्या खोलीत बसून त्यांवर ‘टचिंग’ करत, म्हणजे ते सुधारत. टोकदार पेन्सिल, दोन-चार केसांचा ब्रश, आणि उजेडाच्या पेटीवर ठेवलेली निगेटिव्ह. उपवर मुलींच्या मुरमांपासून सासरेबुवांच्या दातांमधल्या फटीपर्यंत सगळं काकूंच्या हाताखालून सभ्य होऊन बाहेर पडे. ‘निम्म्या गावाची लग्नं मी जमवली,’ असं काकू म्हणत. ‘आणि निम्म्या गावाला फसवलं,’ असं काका बाहेरून ओरडत.

स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. दाराशी आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा (सुटा ठेवला की तो गिऱ्हाइकाच्या खिशातून निघून जाई), पावडरीचा डबा, आणि मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर एक भव्य जिना होता. तो वर जाऊन कुठेच पोचत नसे, पण त्याच्यापुढे उभा राहिलेला प्रत्येक माणूस आत्ताच बंगल्यातून उतरून आल्यासारखा दिसे. निकालाच्या दिवसांत नवे पदवीधर या जिन्यापुढे रांग लावत. स्टुडिओत गाऊन एकच आणि गळ्यातला पट्टाही एकच. पट्टा काकांनी जुन्या पडद्याच्या अस्तरातून शिवून घेतला होता. फोटोत तो राखाडी येई. मग जो जादा पैसे देई त्याला काकू विचारत, “कोणती शाखा?” आणि ब्रश रंगात बुडवत. कलाशाखेला एक रंग, वाणिज्यला दुसरा, विज्ञानाला तिसरा. विद्यापीठ नुसता कागद देतं, रंग आमच्या घरात चढतो, असं काकांचं म्हणणं होतं.

काकूंचा स्वतःचा फोटो निघाला तो अशाच एका दुपारी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. विज्ञान शाखेचं पहिलं वर्ष पास होऊन त्या सासरी आल्या होत्या, आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ या एका वाक्यावर त्यांचं दुसरं वर्ष अडकून पडलं होतं. त्या दुपारी एक पदवीधर फोटो काढून गेला. गाऊन खुर्चीवर तसाच पडलेला. रोलमध्ये शेवटचा फोटो शिल्लक.

“घाल की,” काका म्हणाले.

“इश्श! मी कशाला?”

“रोल वाया जातोय. घाल म्हणतो ना.”

काकूंनी गाऊन चढवला, सुरळी म्हणून कालचं वर्तमानपत्र गुंडाळून हातात धरलं, आणि हसू फुटायच्या आत काकांनी बटण दाबलं. रात्री लाल दिव्याच्या उजेडात कोरा कागद ट्रेमध्ये हलत राहिला, आणि त्यातून आधी केस, मग गाऊन, मग ते हसू हळूहळू वर आलं. काकूंना त्या क्षणी कॉलेजातले सर आठवले. चांदीचे क्षार उजेडाने काळे का पडतात, असं काकूंनी विचारलं होतं, आणि सर म्हणाले होते, “ते पुढच्या वर्षी येईल.” पुढचं वर्ष काही आलं नाही. उत्तराच्या जागी फोटोच्या कागदावरचे चांदीचे क्षारच तेवढे रोज घरात काळे पडत राहिले.

काकांनी तो फोटो मोठा करून भिंतीवर लावला, गंमत म्हणून. पहिल्याच पाहुण्याने विचारलं, “वहिनी ग्रॅज्युएट?” काका छाती फुगवून म्हणाले, “मग!” तो एक ‘मग’ काकूंनी पुढे सगळा संसारभर निभावला. इतरांचे फोटो रंगवले, स्वतःचा मात्र त्यांनी कधी रंगवला नाही. पट्टा राखाडीच राहिला.

दिवस बदलले. रंगीत फिल्म आली, मग फिल्मच गेली. जिन्याचा पडदा गुंडाळून माळ्यावर चढला. डार्करूममध्ये आता झाडू, बादल्या आणि न विकलेल्या फ्रेमा असतात, पण पावसाळी हवेत भिंतींना अजून फोटो धुण्याच्या हायपोचा आंबूस वास सुटतो, आणि काकू कारण नसताना तिथे जरा रेंगाळतात. स्टुडिओत पासपोर्टचे फोटो निघतात आणि झेरॉक्स होते. त्या झेरॉक्सच्या यंत्रावरच एक दिवस कुणी तरी मुक्त विद्यापीठाचं माहितीपत्रक विसरून गेलं. काकूंनी ते चाळलं, मग चष्मा लावून वाचलं, मग घडी घालून पर्समध्ये टाकलं. वयाची अट नाही. बारावी पास पुरे.

अभ्यासकेंद्र एका शाळेच्या मागच्या खोलीत होतं. खिडकीतल्या कारकुनाने काकूंकडे पाहिलं आणि विचारलं, “मुलीसाठी?”

“माझ्यासाठी.”

“अच्छा. मग बी.ए. घ्या. घरबसल्या होतं. पुस्तकं पोस्टाने येतात, डुलकी घेत घेत वाचायची.”

“आणि बी.कॉम.?”

“दुकान आहे का घरचं? मग घ्या. पण आकडेमोड असते.”

“आणि बी.एस्सी.? पहिलं वर्ष झालंय माझं, पूर्वी.”

कारकुनाने पेन खाली ठेवलं. “मावशी, दर रविवारी प्रॅक्टिकल. दिवसभर उभं राहायचं. पहिल्या वर्षापासून सुरुवात, तुमचं जुनं वर्ष आता कुणी धरणार नाही. पोरं असतात विशीतली. कशाला डोक्याला ताप? शुक्रवारपर्यंत मुदत आहे, घरी विचार करा.”

घरी विचार करायला काका होतेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टाळी वाजवली.

“बी.ए. कर! डोळे मिटून कर.”

“का?”

“अगं, सूनबाईला काय सांगशील? तिच्या लेखी तू बी.एस्सी. आहेस. आता म्हणायचं, हौस म्हणून आणखी एक करतेय. दोन पदव्या! कुणाला काही कळायचं नाही.”

काकूंचा चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. काकांनी खेळीमेळीत नेमकी ठसठसती जागा दाबली होती. सूनबाई बँकेत नोकरीला. चिरंजीव फिरतीवर असत, त्यामुळे घरात खरी सोबत या दोघींचीच. ती लग्नाआधी पहिल्यांदा घरी आली होती तेव्हा फोटोपुढे उभी राहून तिने विचारलं होतं, “आई, कोणत्या शाखेच्या?” त्या दिवशी मात्र काकू नुसत्या हसल्या नव्हत्या. “सायन्स,” म्हणाल्या होत्या. तो एवढा एक शब्द त्यांनी तोंडाने उच्चारला होता.

म्हणजे आता असं होतं: बी.ए. घेतलं तर भिंतीवरचा फोटो जागच्या जागी राहणार. बी.एस्सी. घेतलं तर घरातल्या घरात तोंडघशी पडायचं. झालेली पदवी पहिल्या वर्षापासून पुन्हा कोण करतं?

दोन दिवस काकू बी.ए.च्या बाजूने स्वतःला पटवत राहिल्या. इतिहास काय वाईट आहे? साहित्य काय वाईट आहे? वाईट काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या फ्रेम काढायला डार्करूममध्ये गेल्या, दार मागे लोटलं गेलं, आणि त्या अंधारात, त्या वासात, तो जुना प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला: का काळे पडतात? इतिहास घेऊन याचं उत्तर मिळणार नव्हतं.

संध्याकाळी सूनबाई बँकेतून आली. काकूंनी तिला हातपायसुद्धा धुऊ दिले नाहीत.

“बस. मी ग्रॅज्युएट नाही.”

“काय?”

“तो फोटो खोटा आहे. गाऊन स्टुडिओचा, पट्टा पडद्याच्या अस्तराचा, आणि हातात वर्तमानपत्र आहे. मी एकच वर्ष केलंय. आता बी.एस्सी.ला नाव घालणार आहे, म्हणून सांगतेय.”

सूनबाईने वळून फोटोतल्या सुरळीकडे पाहिलं. काका वर्तमानपत्राआड गेले होते, आणि ते वर्तमानपत्र अजिबात हलत नव्हतं.

“आई,” ती म्हणाली, “मी आधी सायन्सलाच होते. केमिस्ट्रीत नापास झाले म्हणून कॉमर्सला गेले. हे मी तुमच्या मुलालासुद्धा सांगितलं नाही.”

“अगं, त्यात काय लपवायचं?”

“काय लपवायचं?” तिचा आवाज चढला. “तुमच्या कानावर जाईल म्हणून! सासू बी.एस्सी. आणि सून नापास! इतकी वर्षं रोज सकाळी या फोटोखालून डबा घेऊन जाते मी. मान खाली घालून जाते. आणि हातात वर्तमानपत्र?”

“कालचं,” काका पडद्याआडून म्हणावं तसं म्हणाले, आणि लगेच पस्तावले.

सूनबाई उठून आत गेली. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातलं एकही भांडं हळू ठेवलं गेलं नाही. जेवताना तिने काकूंना वाढलं, पण ‘आणखी हवं का’ असं विचारलं नाही. काका एकदा हळूच म्हणाले, “फोटो उतरवू का?” त्यावर दोघींनी एकदमच त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ताकाचा पेला उगीचच तोंडाला लावला.

शुक्रवारी सकाळी काकू अर्ज घेऊन निघाल्या तेव्हा सूनबाई दारात चपला घालत होती. तिने काकूंच्या हातातला कागद घेतला, शाखेच्या रकान्यावर नजर टाकली, आणि परत दिला.

“फोटो उतरवायचा नाही,” ती म्हणाली. “पण जो विचारेल त्याला खरं सांगायचं. हसायचं नाही नुसतं. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन.”

“सांगीन.”

“आणि केमिस्ट्रीची पुस्तकं मोठ्याने वाचू नका. मला अजून मळमळतं.”

काकू रस्त्याला लागल्या तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं. अर्जाच्या कागदाला मात्र हाताचा घाम लागला होता.

पहिल्या रविवारी त्या प्रयोगशाळेत वेळेच्या आधीच पोचल्या. लांब दगडी ओटे, नळ, रॅकमध्ये परीक्षानळ्या, आणि पांढरा कोट. कोट अंगात चढवताना त्यांना तो काळा गाऊन आठवला, आणि गाऊनबरोबर ती दुपार, खुर्चीवर पडलेलं ऊन, कॅमेऱ्यामागून ‘हलू नको, हलू नको’ म्हणणारा तेव्हाचा सडपातळ नवरा. किती लांब राहिलं सगळं! खोलीत फारसं कुणी नव्हतं म्हणून त्या फळ्याजवळच्या मोठ्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि बाटल्यांवरची नावं वाचू लागल्या.

तेवढ्यात चार-पाच मुली खिदळत आत आल्या. समोर पांढरा कोट, पांढरे केस, फळ्याजवळचं टेबल. त्यांनी एकदम हसणं थांबवलं आणि रांगेत उभ्या राहिल्या.

“गुड मॉर्निंग, मॅडम.”

काकू हसल्या. तेच ते हसू. ओठांना त्याची इतकी सवय होती की ते आपोआप आलं. नुसतं हसून उभं राहिलं असतं तर सर येईपर्यंतची पाच मिनिटं त्या मॅडम राहिल्या असत्या. तेवढ्याने कुणाचं काही बिघडलं नसतं.

“बसा गं,” त्या म्हणाल्या. “मॅडम नाही मी. तुमच्याच वर्गातली. फर्स्ट इयर.”

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातली एक जाडजूड वेणीवाली पुढे झाली. “मग काकू, तिथे काय करताय? ते सरांचं टेबल आहे. ओरडतील! या इकडे, आमच्यात एक जागा आहे.”

काकू लगबगीने मुलींच्या ओट्याशी आल्या. वेणीवालीने आपली बॅग उचलून त्यांना जागा करून दिली. तिच्यापुढे वर्षाचा अभ्यासक्रम उघडा होता. काकूंनी चष्मा सारखा केला आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. चांदीचं नाव कुठेच दिसेना.

“काय शोधताय?”

“चांदीचे क्षार. उजेडात काळे का पडतात ते.”

“ते ना?” मुलीने पान उलटलं, आणखी एक उलटलं. “ते पुढच्या वर्षी आहे, काकू.”

काकूंना हसू आलं. या खेपेला ते आवरायची काही गरज नव्हती.