सकाळचं पाणी

गेल्या महिन्यात ऑफिसच्या पत्त्यावर कोपरा फाडलेलं एक पोस्टकार्ड आलं. पारोळ्याच्या पुढच्या एका खेड्यातून राजारामने पाठवलेलं. त्याची आई, वेणूअक्का, गेल्याचं त्यात दोन ओळींत होतं. तिसरी ओळ त्याने वेगळ्या शाईने, बहुधा नंतर आठवून लिहिली होती : ‘अक्का शेवटपर्यंत तुमचं नाव घेत होत्या, टँकर आणणारे भाऊ म्हणून.’ मी ते कार्ड टेबलाच्या खणात ठेवलं. टँकर मीच आणला होता, हे खरं आहे. पण तो दीड महिना उशिरा आला, आणि त्या उशिराचं कारणही मीच होतो. बारा वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही... अक्काला तर नाहीच.

ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. पाऊस सलग तिसऱ्यांदा फिरकला नव्हता. ऑफिसात आम्ही ‘दुष्काळ’ हा शब्द वापरत नसू, कागदावर ‘टंचाई’ असायची. दुष्काळ म्हणजे वर्तमानपत्रात येणारे आफ्रिकेतले फोटो, तडे गेलेली जमीन, आईच्या मांडीवरचं हाडकुळं पोर. चहा पिताना आम्ही ते फोटो बघायचो, हळहळायचो आणि मग आपापल्या गावांच्या याद्या उघडायचो. माझं काम साधं होतं. गावात जायचं, वजन बांधलेली टेप विहिरीत सोडायची, पाणी किती ते बघायचं आणि टँकर लागेल की नाही ते फॉर्मवर लिहायचं. मी सव्वीस वर्षांचा होतो, नोकरी नवी होती आणि टेप खोटं बोलत नाही अशी माझी समजूत होती.

अक्काच्या गावी मी एप्रिलमध्ये सकाळच्या एसटीने पोचलो. गावविहीर कोरडी होती. पाणी होतं ते फक्त अक्काच्या मळ्यातल्या विहिरीला. ही विहीर तिने आणि तिच्या नवऱ्याने दोघांनी खणलेली, आणि तिच्यावर चाळीस लिंबाची झाडं वाढवलेली. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. पन्नाशीची, उंच, काटक बाई, काष्ट्याचं लुगडं, कपाळ मोकळं. तिने मला बागेच्या सावलीत बसवलं, लिंबू पिळून पाणी दिलं. मी टेप सोडली. पाणी दीड पुरुस, म्हणजे माणसाच्या उंचीच्या दीडपट, भरलं. मी आकडा लिहीत असताना ती शांतपणे म्हणाली,

“भाऊ, दुपारले या. सकायनं पानी खोटं ऱ्हास.”

रात्रभर झिरपून विहीर भरते, सगळं गाव येऊन गेलं की बारा वाजेपर्यंत तळ दिसतो, असं तिने समजावून सांगितलं. मला ते कळलं नाही असं नाही. पण अकराची एसटी चुकली असती तर पुढची संध्याकाळी होती, आणि त्या दुपारी धुळ्याला मला मुलगी बघायला जायचं होतं. बघतो, म्हणालो. एसटीत बसल्या बसल्या मांडीवर फॉर्म ठेवून लिहिलं : ‘गावात एक विहीर चालू. पाणी पुरेसे. टँकरची आवश्यकता नाही.’ त्या दुपारी बघितलेल्या मुलीशीच माझं लग्न झालं. चांगला संसार झाला. पण तिला पहिल्यांदा बघितलं तो दिवस ती कौतुकाने कुणाला सांगायला लागली, की मी उठून आत जातो. का, ते तिला गेल्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं.

पुढचं मला नंतर राजारामकडून कळलं. टँकर नाही म्हटल्यावर सगळं गाव त्या एका विहिरीवर आलं. विहीर अक्काची, ती नाही म्हणू शकली असती. तिच्या दिरांनी तसं सांगितलंही, की झाडं पोरासारखी वाढवली आहेत, आधी ती जगव. अक्काने विहिरीवरच्या इंजिनचा पट्टा काढून घरात आणून ठेवला, म्हणजे बागेला पाणी सोडायचा मोहच नको. पंधरा दिवसांत पानं गळाली. महिन्याभरात फांद्या वाजायला लागल्या. विहिरीत हंडा बुडेनासा झाला, तेव्हा बायका एकेक करून तळाशी उतरायच्या आणि झऱ्यातून वाटीने पाणी भरायच्या. अक्का कुणा पोटुशी बाईला उतरू देत नसे, तिच्या वाटणीचं भरायला स्वतः उतरे. कुठल्या दगडावर पाय द्यायचा हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, म्हणे. मे महिन्यात अशीच वर येताना तिचा पाय सटकला.

गावाची तक्रार आली म्हणून मला परत पाठवलं, ते त्यानंतर चार दिवसांनी. या वेळी पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. विहिरीभोवती हंड्यांची रांग होती. लिंबाची चाळीस झाडं सरपणासारखी उभी होती. अक्का घरात खाटेवर होती, मांडीपासून घोट्यापर्यंत बांबूच्या कामट्या बांधलेल्या. मला बघून ती उठायला गेली, मी नको म्हणालो.

“आज दुपारले उनात, भाऊ,” ती म्हणाली. “आते देखा.”

‘दुपारी आलात’ हा टोमणा होता की नुसतंच स्वागत, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी तिथेच बसून नवा रिपोर्ट लिहिला, स्वतः साहेबांपुढे नेला आणि आठवड्याच्या आत पहिल्या टँकरबरोबर गावात आलो. लोकांनी मला ओवाळलं. सरपंच नाना सरळ माणूस. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, की साहेब, मागच्या वेळी ‘पाणी पुरेसं’ असं लिहिलं तरी कुणी? माझ्या कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं. मी म्हणालो, “ते वरूनच झालं, नाना.” एवढंच वाक्य. टेपचं मी स्वतःला कधीतरी माफ करीन, वय होतं, नोकरी नवी होती... त्या वाक्याला माफी नाही.

पुढे पाऊस आला. अक्काचा पाय मात्र सरळ झाला नाही, काठी कायमची झाली. बाग तिने पुन्हा लावली नाही, तिथे बाजरी घेऊ लागली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुली माहेरी येतात तसं मीही बायकोला घेऊन तिच्याकडे जाऊ लागलो. प्रेमाने जात होतो की प्रायश्चित्त म्हणून, ते मला सांगता येणार नाही. ती आल्यागेल्याला माझी ओळख करून द्यायची, या भाऊंनी गाव जगवलं म्हणून, आणि मी मान खाली घालून पुरणपोळी खायचो. लोकांना तो विनय वाटायचा. एकदाच धीर केला होता. “अक्का, तो पहिला रिपोर्ट...” असं म्हणालो आणि तेवढ्यात शेजारीण दही मागायला आली. ती गेल्यावर अक्काने विचारलं, काय म्हणत होतात? मी म्हटलं, काही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही इथे लिहायला हवं.

दहाव्याला गेलो. दोन शब्द बोलायला राजारामने मला उभं केलं आणि पुन्हा तीच ओळख करून दिली. मी सांगून टाकलं. सकाळची टेप, अकराची एसटी, तो फॉर्म, आणि नानांना दिलेलं उत्तर. नाना आता फार थकलेत, त्यांना ऐकूही कमी येतं. त्यांनी शेजारच्याकडून सगळं पुन्हा समजून घेतलं आणि मला एकच विचारलं, “अक्काले हाई माहीत व्हतं का?”

ते मला माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही.

पंगतीत राजारामने मला वाढलं, आग्रह मात्र केला नाही. दर वेळी एसटीपर्यंत सोडायला येणारा माणूस, या वेळी मांडवातच थांबला. ते योग्यच झालं. माझी बायको माझ्या बाजूला बसली होती, तिने माझ्याकडे बघितलं नाही.

निघायच्या आधी चपला शोधत ओसरीवर उभा होतो. एक वाजून गेला होता. राजारामची बायको, हातातलं काम टाकून, मळ्याकडे चालत गेली. तिची सासू पाय मोडल्यापासून रोज दुपारी जेवणाआधी काठी टेकत विहिरीपर्यंत जायची, आत डोकावायची आणि घरी येऊन पाणी किती ते मोठ्याने सांगायची. भर पावसाळ्यातसुद्धा. घरातले हसायचे, मीही एकदा हसलो होतो. सून परत आली, पदराने तोंड पुसलं आणि आतल्या खोलीच्या दाराशी थांबली. आत भिंतीला उभी करून ठेवलेली अक्काची खाट होती, दुसरं कुणी नव्हतं.

“अडीच पुरुस शे,” तिने सांगितलं, आणि भांडी घासायला बसली.