मावशीला ऐकू आलेला शेवट

मी तळेगावात शाळेत विज्ञान शिकवते. स्टाफरूममध्ये भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की पहिली खिल्ली उडवणारी मीच. त्यामुळे हे इथे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय, पण कुणाशी तरी बोलायला हवं...

वलवणच्या माझ्या मावशीची नजर गेली आहे. तिला कादंबऱ्यांचं भारी वेड, म्हणून मी मोबाईलवर वाचून रेकॉर्ड करते आणि पाठवते. शेजारीण लावून देते. मावशी ऐकते मात्र पोथीसारखी – समोर निरांजन, आणि समाप्ती झाल्याशिवाय जागचं उठायचं नाही. तिचा मुलगा, माझा सुधीरदादा, भांडून घरातून गेला तो गेलाच. तो परत आला तर दाराला कुलूप दिसू नये, म्हणून ती एकटी राहते. मागे न्हाणीघरात पडली, तरी माझ्याकडे यायला तयार नाही.

या उन्हाळ्यात वाचलेल्या कादंबरीतही मुलगा घर सोडून जातो. शेवटी दार वाजतं, आई उठते – आणि संपलं! कोण आलं ते लेखकाने सांगितलंच नाही. मला असले शेवट आवडतात, पण मावशी माझ्यावर वैतागणार हे ठाऊक होतं.

शेवटचा भाग पाठवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज एकदम शांत.

"मला तुझ्याकडं घिऊन जा. त्या आईनं दार उघडलं, तर कुणीच न्हवतं. मग तिनं कडी लावली अन् आपलं ताट वाढून घेतलं. मी बी लावते आता कडी."

मी म्हटलं, अगं, असं पुस्तकात नाहीच. तर म्हणे, तूच वाचलंस की! मधे बराच वेळ गप्प होतीस, मी तशीच बसून राहिले, मग वाचलंस.

वलवणला जाऊन तिच्या फोनवर ऐकलं. दार वाजतं, मग नुसती खरखर, आणि मग... माझाच आवाज. अगदी ताट वाढून घेईपर्यंत. माझ्या फोनमधलं तेच रेकॉर्डिंग मात्र दार वाजल्यावर संपतं. नवरा म्हणतो, मनाने रचून वाचलं असशील. असेलही, पण मग माझ्या फोनमधून ते गेलं कुठे? पुस्तक पुन्हा चाळलं. शेवटच्या ओळीनंतर कोरं पान आहे.

मावशी आता माझ्याकडे असते. पोटभर जेवते, शांत झोपते, दादाचं नावही काढत नाही. मला बरं वाटायला हवं, पण भीती वाटते. वलवणच्या घराला मीच कुलूप लावलंय. उद्या दादा खरंच आला आणि म्हणाला, आईने वाट बघणं का सोडलं... तर कुणी न लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं, हे त्याला कसं सांगू?