गुरुवारचं पाणी

पिंपरी कॅम्पाच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या साबियाला दगडमातीचं वेड कुठून लागलं, ते तिच्या घरात कुणालाच सांगता यायचं नाही. अब्बा लालमहंमद गॅरेजात, भाऊ आरिफ चाकणच्या कारखान्यात, आणि ही बाई भूगर्भशास्त्राच्या एमएस्सीला. पाहुण्यांनी चौकशी केली की अब्बा म्हणायचे, जमिनीखालचं पाणी मोजते. मग पुढचा प्रश्न यायच्या आत चहा मागवायचे.

प्रबंधासाठी तिनं चाकणजवळची एक वस्ती निवडली होती. तिथल्या गोजाबाईंच्या विहिरीत वजन बांधलेली फीत सोडायची, पाणी किती खोल आहे ते बघायचं, एवढंच काम. न्यायला आरिफची मोटारसायकल होती. त्याची सुट्टी गुरुवारी, म्हणून साबियाचं मोजमापही गुरुवारी. रस्ता अगदी मोकळा मिळायचा. गाव किती निवांत आहे, असं तिला दर खेपेला वाटायचं.

घोळ झाला तो उन्हाळ्यात. त्या भागात वरचा मुरूम पाणी धरतो, खालचा काळा पाषाण फारसं धरत नाही. म्हणजे चैत्र-वैशाखात विहीर खाली जायलाच हवी. ही जाईना. साबियानं नकाशे पालथे घातले. पाषाणाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा असेल आणि त्यातून लांबचं पाणी झिरपत असेल, असा तर्क तिनं लढवला. कॉलेजातल्या सरांना तो आवडला. तिला तर इतका आवडला की झोपेतही तांबडी माती दिसायला लागली. तरी मन खात होतं, कारण वस्तीतल्या बायका पाणी नाही म्हणून रडत होत्या आणि फीत पाणी आहे म्हणत होती. खरं कुणाचं धरायचं? आरिफ म्हणाला, लोकांना रडायची सवयच असते.

गोजाबाईंचं तिसरंच. त्या भरलेला तांब्या पुढे करून म्हणायच्या, "तुझा पायगुण हाय पोरी. तू आलीस की हीर भरती. न्हाईतर तळ दिसतो." साबिया लाजायची. म्हातारीची माया, असं समजून ते बोलणं तिनं कानाआड केलं. खरं सांगायचं तर ते तिला मनातून गोडही लागलं होतं. मे महिन्यात, वस्तीला टँकर पाठवणाऱ्या पंचायतीनं तिच्याकडे आकडे मागितले. आपल्या अभ्यासाला कुणीतरी विचारतंय, याच आनंदात तिनं ते देऊन टाकले.

पुढच्या गुरुवारी फितीची पिशवी गोजाबाईंच्या ओट्यावरच विसरली. ती कॉलेजात दाखवायची होती, म्हणून सोमवारी साबिया बस पकडून एकटीच निघाली. चाकणच्या अलीकडेच बस अडकली. ट्रकमागे ट्रक, कामगारांच्या बसगाड्या, नुसता धुरळा. हा तोच रस्ता, हे तिला पटेना. वस्तीवर पोचली तर तिथं सतत एक घरघर ऐकू येत होती. ती कुठून येते, तेही कळेना.

गोजाबाई तिला बघून दारातच थबकल्या. चेहरा पडला होता. "आज कशाला आलीस गं? आज तुला द्यायला पानी न्हाई. टँकर बी बंद केला पंचायतीनं. हिरीत पानी हाय म्हनत्यात."

साबियानं पिशवी उचलली आणि विहिरीवर जाऊन फीत सोडली. फीत जातच राहिली, आणि वजन खालच्या दगडावर खणकन वाजलं. तिनं वर ओढून पुन्हा सोडली. पुन्हा तेच. तांबडी माती, झिरपणारं पाणी, सगळं डोक्यात गरगर फिरायला लागलं. घरघर मात्र थांबत नव्हती. ती शेतापलीकडच्या कारखान्याच्या भिंतीआडून येत होती. तिथल्या बोअरचे पंप चालू होते. गुरुवारी हा आवाज नसतो. गुरुवारी कारखान्यांचा अख्खा पट्टाच बंद असतो, म्हणून तर आरिफ मोकळा असतो, रस्ता मोकळा असतो, आणि दिवसभर कुणी उपसत नाही म्हणून ही विहीर तेवढ्यापुरती वर येते. तिचा वर्षाचा अभ्यास सुट्टीच्या दिवसाचा होता. ती काठावरच बसली.

गोजाबाई मागोमाग आल्या होत्या. साबियानं त्यांना सगळं सांगितलं, अडखळत, दोनदा मागे जाऊन. पायगुण वगैरे काही नाही आजी, मी फक्त गुरुवारीच येत होते, म्हणाली.

गोजाबाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग विहिरीत पाहिलं. "मंग टँकर कुनामुळं बंद झाला?"

"माझ्यामुळे."

गोजाबाई घरात गेल्या. आत हंड्याचा तळ खरवडल्याचा आवाज आला. आता शिव्या खायच्या, म्हणून साबिया काठावरून उठून मान खाली घालून उभी राहिली. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात तोच तांब्या होता, तळाशी घोटभर पाणी असलेला.

"पी. उन्हातनं आलीस," त्या म्हणाल्या. "आन् हे बी मोजून लिही."