गोळ्या बंद करायला लावणारं इंजेक्शन

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण एक तपास अजून मनातून गेलेला नाही.

मी तेव्हा मालेगाव तालुक्यात ठाणेदार होतो. सकाळची हजेरी संपत असताना मेडशीकडचा एक मेडिकल दुकानदार ठाण्यात आला.

"साहेब, हार्टच्या गोया नेनारे माहे गिऱ्हाईक बंद झाले. इचारलं तं म्हन्तात, आता गरज नाही, इंजेक्शन घेतलं."

हवालदार हसले. "मंग तुह्या धंद्यापायी गुन्हा दाखल करू का?"

"हसा. यातला एखादा आडवा झाला म्हंजे पंचनाम्याले तुमीच जासान."

मी हसलो नाही. स्वतःचं नुकसान झालेला माणूस खबर आणतो तेव्हा ती सहसा पक्की असते.

औषध निरीक्षकांना सोबत घेऊन आम्ही मेडशीत छापा घातला. भाड्याच्या खोलीत पांढरा कोट घातलेला एक बाहेरगावचा इसम, बर्फाच्या पेटीत बाटल्या आणि पत्रकांचा गठ्ठा. माझे वडील चळवळीतले. मी पत्रकं वाचतच वाढलो. हे पत्रक उत्तम मराठीत होतं. 'हृदयरोगावर जनुकीय उपचार, तोही विषाणूविना.' कोरोनानंतर विषाणू या शब्दालाच भ्यालेल्या माणसांना दुसरं काय हवं?

ओळखीच्या डॉक्टर बाईंना ते दाखवलं. त्या म्हणाल्या, "विज्ञान खरं आहे. निरोगी जनुक विषाणूवर न लादता चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळून हृदयाच्या स्नायूपर्यंत न्यायचं, यावर संशोधन चालू आहे. पण ते अजून दवाखान्यात मिळत नाही, आणि असं दंडावर टोचून तर नाहीच. या लोकांनी आधी गोळ्या पुन्हा सुरू करायला हव्यात. हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी, म्हणजे स्टेंट, बसवलेला माणूस गोळ्या सोडतो, तेव्हा ती कधीही तुंबू शकते."

बाटल्यांत नुसतं सलाईन होतं, हे पुढे तपासणीत निघालं. निरीक्षकांच्या फिर्यादीवर गुन्हा दाखल झाला. पण इंजेक्शन घेतलेला एकही माणूस जबाब देईना, की गोळी तोंडात घालीना. आम्ही दारी गेलो की आम्हालाच उलट प्रश्न. चौकशीत आरोपी शांतपणे सांगे, "मी कोणालाही गोळ्या बंद करा म्हटलेलं नाही." पोलिसांपुढची कबुली तशीही कोर्टात टिकत नाही. मला त्या माणसांचा आरोपीवरचा विश्वास तोडायचा होता, आणि तोही वेळेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजेक्शन घेतलेले एक निवृत्त एसटी चालक त्याला सोडवायला आले. त्यांच्या छातीत जाळी होती.

"साहेब, देवमानसाले काहून डांबून ठेवलं? मी पहा, फिरून राह्यलो."

त्याच वेळी हवालदार आरोपीला आणि त्याच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आले. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत त्याने स्वतःची अँजिओप्लास्टी झाल्याचं सांगितलं होतं, आणि जेवणानंतर त्याला गोळ्या देणं आमच्यावर बंधनकारक होतं. मी चालकांना बाहेर बसायला सांगितलं नाही.

त्यांनी पाकीट ओळखलं. "ह्या तं माह्याच गोया हायेत. तुमाले कायले लागतात जी? पेटीभर इंजेक्शन होते ना तुमच्याजवळ."

"प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते, काका."

"मंग आज नका घेऊ. पाहू काय होते."

आरोपीने माझ्याकडे पाहिलं. मग ग्लास उचलला आणि गोळ्या गिळल्या.

चालकांनी तिथेच मोबाईल काढला. घरी फोन लावून म्हणाले, "माही गोयाची थैली फेकली तं नाही ना?" संध्याकाळच्या आत त्यांनी बाकीच्यांना स्वतः गाठून डॉक्टर बाईंसमोर बसवलं. माझ्या वर्दीने जे झालं नसतं, ते त्यांनी केलं. सगळे वाचले.

जबाबावर सही करण्याआधी ते अडले.

"हे बी लिवा. मोठ्या दवाखान्यात माह्या छातीत जाळी टाकली, कागदं इंग्रजीत देल्ले. गोया कायच्या, किती दिवस, कोनी सांगतलं नाही. हा मानूस माह्या घरी बाजेवर बसून घंटाभर बोलला."

मी शब्दन् शब्द लिहून घेतलं. पुढे सरकारी वकील चिडले. हे आरोपीच्या फायद्याचं आहे, कशाला घेतलं म्हणाले.

उपचार करणाऱ्यांनी रुग्णाला त्याच्या भाषेत समजावणं हा उपकार नाही, त्याचा हक्क आहे. तो नाकारला जातो तिथे ठग येऊन बसतो, आणि उद्या खरं औषध आलं तरी लोक त्याच्याकडेच जातील. वकिलांना मी एवढंच म्हणालो, "साहेब, रुग्णाला कोणी काही समजावलं नाही, हेच या गुन्ह्यात वापरलेलं हत्यार आहे. ते वगळून दोषारोपपत्र कसं पाठवू?"