खलास

प्रॅक्टिस संपली की मुलं ओले ग्लोव्ह्ज काढतात आणि ‘खलास’ म्हणून ओरडतात. त्या कुबट वासात माझी मान आपोआप खाली जाते.

दुबईतल्या कॉलेजात आइस हॉकीचा कोच म्हणून मी तेव्हा नवाच होतो. संघातल्या ओमच्या आई सांगलीहून नुकत्याच आलेल्या. त्यांनी फोनवर विचारलं, “ओम कुठंय?”

‘सुटला’ म्हणायचं होतं. मुलांचा तो अरबी शब्द तोंडात बसलेला; बोलून गेलो, “ओम खलास, ताई. येऊन घेऊन जा.”

फोन बंद झाला.

त्या अल बर्शातल्या घरून अनवाणीच आल्या. ओम बाकावर बसून स्केट्सच्या नाड्या सोडत होता. त्यांनी त्याचा घामेजला चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मला बोल लावला नाही. “सर, जरा पाणी मिळेल का?” एवढंच म्हणाल्या.